सव्वासहा क्विंटलचा संघ

मार्गशीर्षात दिग्रसच्या जिनिंगमागचं मैदान उजाडतं ते उजेडानं नव्हे, वासानं. रात्रभर दवात निजलेल्या कापसाच्या गंजीवर पहिलं कोवळं ऊन उतरलं, की तिच्यातून वापरून मऊ झालेल्या गोधडीसारखा एक उबदार वास उठतो. त्यात सरकीच्या तेलकटपणाची एक बारीक रेघ मिसळते, आणि मग धुक्याच्या पलीकडून कुठूनतरी चेंडूवर स्टिक बसल्याचा कोरडा, खणखणीत आवाज येतो. आयुष्यातली तीस वर्षं मी या वासात आणि या आवाजात उभा आहे. पहिली नऊ वर्षं आमच्या हॉकी संघाचा राखीव गोलरक्षक म्हणून, आणि पुढची सगळी व्यवस्थापक म्हणून. राखीव गोलरक्षक असताना मला चार सामने मिळाले आणि त्यांत माझ्या नावावर एक गोल लागला, तो आमच्याच जाळ्यात. व्यवस्थापक झाल्यावर मी पाण्याचे कॅन, बर्फ आणि लिंबं सांभाळू लागलो; संघाचं एकूण नुकसान तेव्हापासून पुष्कळ कमी झालं, असं जुने लोक म्हणतात.

जुना संघ म्हणजे काय होता, हे सांगायला लागलो की माझ्यातला मराठीचा मास्तर जागा होतो आणि उपमांची गाडी उतारावर सुटते. म्हणून एवढंच सांगतो, की सलीमभाई मधल्या फळीत पाच नंबरचा सदरा घालून उभे राहिले की समोरचा गडी त्यांना वळसा घालून जायचा, जसा आपण रस्त्यात बसलेल्या बैलाला घालतो. हॉकीच्या नियमांत धक्क्याला जागा नाही. पण आमच्याकडच्या मुरमाड मैदानांवर नियमांचं पुस्तक बहुधा पंचांच्या घरी राहतं. तो संघ यथावकाश पांगला. कुणी पुण्याला गेला, कुणाचे गुडघे गेले, सलीमभाईंनी मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान थाटलं आणि ते प्रशिक्षक झाले. उरलेल्या जागी नवी पोरं आली. सगळी चपळ, सगळी हसरी, आणि सगळी अशी सडपातळ, की गटानं उभी राहिली तर पऱ्हाटीचं, कापसाच्या वाळक्या काड्यांचं, कुंपण घातल्यासारखं वाटावं.

या कुंपणाला गेल्या वर्षी यवतमाळच्या स्पर्धेत नऊ गोलांचं भगदाड पडलं. सामना संपल्यावर तिथले संयोजक माझ्याजवळ आले. पोटावर हात ठेवून, अत्यंत प्रेमानं म्हणाले, ‘‘मास्तर, पुढच्या साली जरा माणसं घेऊन या. असंच होऊन राह्यलं तं तुमची जागा दुसऱ्याले द्या लागते.’’

हे वाक्य मला लागलं. मी वर्षभर ते उराशी बाळगून हिंडलो. संघाच्या शारीरिक कणखरपणाविषयी तीन पानी टिपण लिहिलं. त्यात ‘बलसंवर्धन’ हा शब्द अकरा वेळा आला होता. पोरांना मोड आलेले हरभरे वाटले. आणि दिवाळीनंतरच्या एका सकाळी, धुकं विरत असताना, मला ती कल्पना सुचली, जिची आठवण गावानं माझ्यासाठी अजून जपून ठेवली आहे. संघात बळ किती आहे हे कळायला हवं असेल, तर ते मोजायला हवं. आणि मोजायचं साधन तर भिंतीपलीकडेच होतं. मी अख्खा संघ जिनिंगमध्ये नेला आणि कापसाच्या काट्यावर चढवला.

एरवी ज्या लोखंडी पाटावर कापसाची गाठोडी चढतात, त्यावर अकरा पोरं एकमेकांच्या खांद्यांना धरून, हसू दाबत उभी होती. लाल आकडे थरथरले आणि सव्वासहा क्विंटलवर थांबले. काटेवाल्यानं डोळ्यांवरचा चष्मा वर केला आणि ओल्या कापसाचं वजन वजा करताना विचारतो तसं गंभीरपणे विचारलं, ‘‘मास्तर, ओल किती धरू?’’

‘‘धरा दोन टक्के,’’ मागून सलीमभाई म्हणाले. ‘‘आंघोळ करूनच आले पोट्टे. पन मास्तर, यायले खेळवाचं हाय का इकाचं हाय?’’

जिनिंगमधल्या बायका सरकी सोडून हसायला आल्या. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. मी मग एकेकाला वेगळा चढवला आणि वजनाच्या उतरत्या क्रमानं यादी केली. यादीच्या तळाशी, शेहेचाळीस किलो भरून, प्रल्हाद राठोड होता.

प्रल्हाद माझा जुना विद्यार्थी. बारा किलोमीटरवरच्या तांड्यावरून रोज पहाटे एका कण्हणाऱ्या मोटारसायकलवर यायचा, खेळायचा, आणि ऊन चढायच्या आत शेतात परत पोचायचा. चार वर्षं तो बाकावर बसून मैदानाकडे बघत होता. यंदा सलीमभाईंनी स्वतःचा जपून ठेवलेला पाच नंबरचा सदरा त्याला दिला होता. तो त्याला इतका मोठा व्हायचा, की पळताना सदरा वळायच्या आधी प्रल्हाद वळलेला असायचा. मी त्याला बाजूला घेतलं आणि टिपणातली वाक्यं ऐकवली. त्याच्या जागी विक्कीला खेळवायचं ठरवलं होतं, तालमीतून नुकताच आणलेला, अठ्ठ्याऐंशी किलोचा देखणा गडी. प्रल्हादनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी सदरा आणून दिला. धुतलेला, इस्त्री केलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

‘‘सर, इतवारी आमचा कापूस भराचा हाय, तवा सरावाले जमन नाई,’’ तो म्हणाला. ‘‘सोमवारी येतो.’’

संघातून काढलेला माणूस रजा मागत होता. हातातल्या कागदाची ऊब, कारण ते पुडकं त्यानं वाटभर स्वेटरच्या आत ठेवून आणलं असावं, माझ्या तळव्यात उतरत राहिली. मी म्हणालो, ‘‘कापूस भरायला मीही येतो.’’ अपराधी माणसाच्या तोंडून असली वाक्यं निघतात.

रविवारी सलीमभाईंच्या मोटारसायकलवर मागे बसून मी तांड्यावर पोचलो, तेव्हा ऊन तुरीच्या फुलांवरून घरंगळत अंगणात येत होतं. दारात एक पिकअप गाडी उभी होती, तिला चारी बाजूंनी जुन्या ताडपत्रीच्या उंच भिंती बांधलेल्या. घरातून कापसाची गाठोडी येत, गाडीत रिती होत, आणि प्रल्हाद त्या कापसात उभा राहून तो खुंदत होता, म्हणजे पायांनी दाबून दाबून बसवत होता. असं केल्याशिवाय गाडीत माल मावत नाही. हे मी जन्मभर खालून, रस्त्यावरून पाहिलं होतं. तिथून ते अगदीच सुखाचं काम दिसायचं. ढगावर चालायचे कष्ट ते कसले?

मी चढलो. पहिल्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेलो, दुसऱ्याला मांडीपर्यंत. मग मी जोर लावला, आणि कापसाशी जोर लावणाऱ्याचं जे होतं ते झालं. जितकं दाबावं तितकं ते पांढरं, कोमट, निर्विकार काहीतरी बाजूला सरकायचं आणि मला अधिक खोल जागा करून द्यायचं. नाकात तंतू गेले, चष्म्यावर बोंडाचा पाचोळा बसला, दहा मिनिटांत छातीचा भाता झाला. शेवटी कमरेपर्यंत रुतून मी स्थिर झालो, कुंडीतल्या रोपासारखा. खाली तांड्यावरची माणसं जमली. प्रल्हादची आई, तो तिला याडी म्हणतो, डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून कमरेवर हात देऊन बघत होती.

‘‘गुर्जी,’’ ती म्हणाली, ‘‘तुमी कायले भांडून राह्यले त्याच्याशी? दाबू नोका. चाला नुसते.’’

आणि मला चालण्याचा मार्गच उरलेला नसल्यामुळे मी प्रल्हादकडे पाहिलं. तो चालत होता. आधी कडेकडेनं, टाच कोपऱ्यांत घालून, मग गोल फिरत आत. पाऊल रुतायच्या आत उचललेलं असायचं. तोल गेलाच तर तो त्याच बाजूला सैल होऊन पडायचा आणि पडण्यातूनच उठायचा, जणू पडणं हे चालण्याचंच एक लांब पाऊल असावं. आम्ही पोचायच्या तासभर आधीपासून तो हेच करत होता, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत हेच करणार होता. त्याचा श्वास मला ऐकू येत नव्हता. माझा मात्र खालच्या शेळ्यांनाही ऐकू जात असावा.

कमरेपर्यंत रुतलेला माणूस जितक्या प्रतिष्ठेनं निर्णय देऊ शकतो तितक्या प्रतिष्ठेनं मी जाहीर केलं, ‘‘प्रल्हाद, पाच नंबर तूच खेळशील.’’

‘‘आधी भाईर या मास्तर,’’ सलीमभाई खालून म्हणाले, ‘‘मंग टीम निवडा.’’

मला चौघांनी उपटून काढलं. डावी चप्पल त्या गाडीबरोबर जिनिंगमध्ये गेली. तिचं पुढे काय झालं, कुणाच्या अंगावर ती सदरा होऊन आली, ते मी अजूनही कधीकधी कुतूहलानं मनात आणतो.

विक्कीची समजूत कशी घालायची, या काळजीत मी सोमवारी मैदानावर गेलो, तर तो स्वतःच माझ्याकडे आला. ‘‘सर, मले धावनं झेपत नाई,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘पन उचलाचं काई असन तं सांगा.’’ तेव्हापासून पाण्याचे दोन्ही कॅन तो एका हातानं उचलतो. संघातलं माझं एकमेव काम अशा रीतीनं गेलं.

यवतमाळचा सामना दुपारचा होता. थंडीतलं ते तिरकं, मधासारखं ऊन मैदानावर पसरलं होतं आणि मुरमाचा लालसर धुरळा खेळाडूंच्या पोटऱ्यांइतक्या उंचीवर तरंगत होता. समोरचा संघ गेल्या वर्षीचाच, अंगानं तसाच भरलेला. पहिल्याच मिनिटात प्रल्हादला धक्का बसला आणि पाच नंबर धुरळ्यात दिसेनासा झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो पुढे चेंडूमागे होता. पुन्हा धक्का, पुन्हा धुरळा, पुन्हा तो दुसरीकडेच उभा. सात वेळांपर्यंत मी मोजलं. त्यानं एकदाही उलटा धक्का दिला नाही. ज्यानं धक्का दिला त्याला तो पुढच्या क्षणी सापडतच नव्हता. मध्यंतरापर्यंत आमच्यावर दोन गोल झाले होते. मी लिंबं कापताना बोट कापून घेतलं. संघात त्या दिवशी रक्त आलेले आम्ही दोघंच, प्रल्हादचा सोललेला गुडघा आणि माझी तर्जनी.

पण उतरत्या उन्हाबरोबर काहीतरी हळूहळू बदलत गेलं. समोरचे गडी चेंडू बाहेर गेला की गुडघ्यांवर हात ठेवून वाकू लागले. आमचं पऱ्हाटीचं कुंपण मात्र उभंच होतं, आणि उभं म्हणजे चालतं. शेवटच्या काही मिनिटांत खेळ सगळा त्यांच्याच गोलापाशी सुरू होता. एक गोल आम्ही फेडला. दुसरा खांबाला लागून परतला, आणि शिट्टी झाली. हरलो.

संयोजक आले. पोटावर हात तसाच. मी वर्षभर जपलेलं वाक्य पुन्हा ऐकायच्या तयारीनं ताठ उभा राहिलो. ते मैदानाकडे बघत म्हणाले, ‘‘पुढच्या साली जेवाले किती पानं धरू, मास्तर?’’

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर सरकीच्या रंगाची संध्याकाळ होती. प्रल्हाद माझ्या शेजारी बसला होता. कोपरावर मुरूम चिकटलेला आणि केसांत कापसाचा एक धागा, जो बहुधा त्या रविवारपासून तिथे मुक्कामाला होता. तो अचानक म्हणाला, ‘‘सर, सदरा धून आनून देतो उद्या.’’ तो सदरा या एका सामन्यापुरताच मिळाला आहे, अशी त्याची समजूत होती. ‘‘इस्त्री करू नकोस,’’ मी म्हणालो. तो माझ्याकडे वळला. ‘‘आणूही नकोस. तुझाच आहे तो.’’ त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि सदऱ्याच्या लोंबत्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून घेतल्या, अगदी व्यवस्थित, एकेक घडी बसवत.

पुढच्या बाकावर सलीमभाई होते. मी वाकून त्यांना वर्षभर मनात घोळवलेला प्रश्न विचारला, की दम आहे ना आपल्या या संघात? ते मागे न वळताच म्हणाले, ‘‘हारले ना आज? मंग उद्या सकाळी या मैदानावर. थितं दिसन.’’

म्हणून आज मी नेहमीपेक्षा लवकर आलो आहे. टिपणांची, वजनांच्या यादीची वही आणलेली नाही. धुकं अजून जमिनीला धरून आहे, गंजीवर ऊन पोचायचं आहे, त्यामुळे वासही अजून निजलेलाच. मैदान रिकामं आहे. गोलाच्या खांबाला टेकून मी उभा राहतो, तिथेच, जिथे एकदा मी आमच्याच जाळ्यात चेंडू घातला होता, आणि गुडघे थोडे सैल सोडतो, जसा त्या रविवारी कापसात प्रल्हाद सोडत होता. बराच वेळ काहीच होत नाही. मग तांड्याच्या रस्त्यानं, फार लांबून, एक कण्हणारा आवाज येऊ लागतो. थांबतो, पुन्हा येतो. गावाच्या बाजूनंही कुणाच्या तरी पावलांखाली मुरूम वाजतो आहे. एकाच्या की अनेकांच्या, ते धुक्यात कळत नाही.