दोन्ही नळ्या चमकल्या

औंढ्याच्या एका कॉलेजातली मागची खोली म्हणजे मोहिनीचं सगळं जग. मेंढरं राखणाऱ्या घरातली ही पोर शेळीच्या रक्तातून एक प्रथिन वेगळं काढी, त्याला चमकणारा रंग चिकटवी आणि बारीक मण्यांनी भरलेल्या काचेच्या नळकांड्यातून ते हळूहळू खाली सोडी. रंग धरलेलं प्रथिन आधी उतरे. सुटा रंग मण्यांत रेंगाळत मागून येई. शेळ्यांचा रोग त्यानं लवकर ओळखता येणार होता. उद्या तपासणीची मंडळी येणार. काम पटलं तर खोली चालू, नाही तर कुलूप. रंगाची शेवटची चिमूट उरली होती.

त्या संध्याकाळी चुलत बहिणीची हळद होती. आईनं, नर्मदाबाईनं, नवरीची उष्टी हळद मोहिनीच्या हातांना चोळचोळून लावली.

"तुझंबी जमंल औंदा. का त्या नळीशीच लगीन लावतीस?"

बाया खिदळल्या. मोहिनीही हसली.

सकाळी तिनं हात घासून धुतले. खोलीतले हातमोजे कधीचेच संपले होते. तशीच कामाला बसली. उतरलेलं प्रथिन धरलेली नळी निळ्या दिव्याखाली हिरवीपिवळी पेटली. असं तेज कधी आलं नव्हतं.

"बराबर जमलं गं पोरी!" तिला हे काम शिकवणारे विश्वंभर सर म्हणाले.

मग सवयीनं तिनं पडताळ्याची दुसरी नळी दिव्याखाली धरली. प्रथिन तेच, पण हिच्यात रंग घातलाच नव्हता. तीही चमकत होती.

मोहिनीनं स्वतःचा हात दिव्याखाली नेला. नखांच्या कडा, बोटांच्या रेषा, सगळं पेटलेलं.

"सर, ही हळद हाये. प्रथिनाला धरून बसली."

"कोणाला कळून राहिलंय? पहिलीच नळी दाखव."

तपासणीची मंडळी आली तेव्हा तिनं दोन्ही दाखवल्या आणि खरं ते सांगितलं.

"आमच्या वसमतच्या हळदीच्या मोंढ्यात हा माल पोत्यानं मिळतो!" मंडळीतला एकजण म्हणाला. सगळे हसले, चहा प्याले, गेले.

"काहून बोललीस गं?" सरांनी विचारलं.

"त्यांनी दुसरी नळी न्हाई बघितली असती, पण मी बघितली व्हती ना."

"अन् आता काय करून राहिलीस?"

"नळकांडं धुऊन राहिले."

तिनं ते स्वच्छ धुतलं, सुकवून फळीवर ठेवलं. काही दिवसांत त्या खोलीत मोडके बाक रचले गेले.

घरी मोहिनीला मागणी घालणारा एका पोराकडचा निरोप आला होता. "तूच बघ, आई," एवढंच म्हणून मोहिनी मेंढरांना पाणी पाजायला गेली.