मामंजींच्या पणजोबांची लढाई

आमच्या घरात दोन माणसांना उलट उत्तर द्यायची पद्धत नाही. एक माझे सासरे रघुनंदन राव, ज्यांना बंगळूरातलं आमचं सगळं मल्लेश्वरम अण्णा म्हणतं आणि मी मामंजी म्हणते. दुसरे त्यांचे पणजोबा सुभानजीराव. ते जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली, पण टीव्हीच्या वर त्यांचा फोटो आहे आणि क्रिकेट लागलं की मामंजी आधी त्यांच्याकडे बघून मग आवाज वाढवतात.

फोटोत फेटा, लांब कोट आणि कानापर्यंत गेलेल्या मिश्या आहेत. मागे पडद्यावर रंगवलेला राजवाडा, शेजारी उंच तिपाईवर फुलांची कुंडी. आणि दोन्ही हातांत, छातीपुढे तिरकी धरलेली, म्यानातली तलवार. मूठ वर, पार हनुवटीशी. मुठीच्या आडव्या पट्टीचं एक टोक तुटलेलं आहे. ते कसं तुटलं हे मी लग्न होऊन आले त्याच संध्याकाळी ऐकलं. शत्रूचा वार सुभानजीरावांनी मुठीवर झेलला होता. शत्रू कोण, हे मी विचारलं नाही. नवी सून होते.

दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, मामंजी पहिलं कुंकू या तलवारीला लावतात. म्हणजे काचेला, तलवार जिथे दिसते तिथे. मग स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, नवऱ्याचा लॅपटॉप अशी रांग लागते. पूजेचं कुंकू पुसायचं नाही, ते आपसूक पडेल तेव्हा पडेल, हा माझ्या सासूबाईंचा नियम. त्या गेल्या तरी नियम राहिला. कुंकू काही पडलं नाही. वर्षानुवर्षं थर चढत गेला आणि सुभानजीरावांचे दोन्ही हात मनगटापासून पुढे एका लाल ढगात शिरले. ढगाच्या वर मूठ, खाली म्यानाचं टोक. मधलं सगळं श्रद्धेनं भरून काढायचं.

गेल्या वर्षी आमच्या समाजाच्या सभागृहाला नवीन रंग दिला आणि समोरची भिंत मोकळी झाली. तिथे समाजातल्या एका योद्ध्याचा फोटो लावायचा ठरलं. मामंजींनी सभेत उभं राहून सुभानजीरावांचं नाव सांगितलं आणि त्याच आठवड्यात शिवाजीनगरात पितळी पाटीसुद्धा करायला टाकली.

"कुठल्या लढाईत होते?" धनलक्ष्मी अक्कांनी विचारलं. अक्का समाजाच्या सेक्रेटरी. शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या, त्यामुळे त्यांनी वेळ विचारली तरी समोरचा माणूस सरळ उभा राहतो.

"छावणीत होते ते," मामंजी म्हणाले. "इथेच, कँटोन्मेंटला."

"छावणीत दूधवालाही असतो, रघुनंदन राव. पाटीवर लढाईचं नाव पाहिजे. दसऱ्यापर्यंत आणा, नाहीतर भिंत एकच आहे आणि समाजात घरं पुष्कळ आहेत."

घरी येऊन मामंजी जेवले नाहीत. म्हणजे भात जेवले, पण दुसऱ्यांदा सारू घेतलं नाही.

तर ती लढाई शोधायला मामंजींनी बहात्तराव्या वर्षी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. आमच्या घराजवळच्या एका संस्थेत मोठ्या माणसांसाठी इतिहासाचे वर्ग चालतात. मंगळवारी युद्ध आणि संघर्ष, गुरुवारी संगीत, शनिवारी फोटोग्राफी. मामंजींना फक्त मंगळवार हवा होता, पण तिन्ही घेतले तर ज्येष्ठांना सवलत होती, आणि सवलत सोडणं त्यांना जमत नाही. त्यांना रात्री स्कूटर चालवायला डोळ्यांच्या डॉक्टरांची बंदी, म्हणून मी सोबत. सोबतीला सवलत नव्हती. तरी मी आनंदानं गेले. त्या वेळात घरात पोळ्या कोण करतं हे बघायची मलाही उत्सुकता होती.

शिकवणारी श्रीविद्या. वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं, आवाज शांत, आणि सहनशक्ती अशी की मी तिला मनातून लगेच मैत्रीण करून टाकलं. पहिल्याच मंगळवारी ती फळ्याकडे वळली आणि मामंजींनी हात वर केला.

"मॅडम, माझे पणजोबा कुठल्या लढाईत होते?"

"सर, आपण अजून संघर्ष म्हणजे काय, इथेच आहोत."

"सरी, सरी. तुम्ही शिकवा. ते आले की मी सांगतो."

पुढे दर मंगळवारी हेच. ती कुठल्याही लढाईचं नाव घेई आणि मामंजी विचारत, "यात आपल्या बंगळूरची छावणी होती का?" नाही म्हटलं की त्यांचा त्या लढाईतला रस संपे. हजारो माणसं मेलेली असोत, ते चष्मा पुसायला घेत. एकदा ती म्हणाली की इथल्या काही तुकड्या ब्रह्मदेशात गेल्या होत्या, पुढे चीनलाही. मामंजी ताठ झाले. परतताना स्कूटरवर मागून त्यांचा आवाज आला, "नंदा, ब्रह्मदेश लांब होतो गं पाटीवर. चीन बसेल."

"मामंजी, ते चीनला गेले होते का पण?"

"जागा कमी आहे ना," ते म्हणाले.

पाटीवाल्याचा अधूनमधून फोन येई. "सार, जंग का नाम बोलो. बाकी सब हो गया, मैं बैठा हूं." मामंजी त्याला म्हणत, "स्वल्प थांबो." ही आमच्या घरची हिंदी.

गुरुवारी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. संगीताच्या तासाला ते डोळे मिटून बसत आणि घोरणं सुरू झालं की मी पेन टोचत असे. एका गुरुवारी मात्र श्रीविद्यानं तिच्या काकांचा जुना क्लॅरिनेट आणला. साहेबांच्या पलटणींचे बँड आले, त्यांतून ही वाद्यं आपल्या लग्नांत आणि मैफिलींत कशी शिरली, असा विषय होता. क्लॅरिनेट हातोहात फिरला आणि आमच्या बाकावर आला. फुकट हाताळायला मिळतंय म्हटल्यावर मामंजी जागे झाले.

"सर, उलटं धरलंत. डावा हात वर, उजवा खाली. बोटं अशी सुटी, वाकवून. आणि सगळं वजन उजव्या अंगठ्यावर, तो मागे."

मामंजींनी तसं धरलं, गाल फुगवले आणि जोर लावून फुंकलं. जो आवाज आला त्यानं खालचा वॉचमन वर बघून गेला. "हे माणसाचं काम नाही," म्हणत त्यांनी तो माझ्याकडे सरकवला आणि दोन दिवस अंगठा दुखतो म्हणून तेल लावून घेतलं.

मग तो शनिवार आला. घरातला जुना फोटो आणायला सांगितलं होतं. मी सुभानजीरावांना मोबाइलमध्ये घ्यायला गेले तर लाल ढगावर नुसता उजेड चमके. तीन वेळा काढला, तिन्ही वेळा ढगच. मामंजी अंघोळीला गेले होते. मी मनात सासूबाईंची माफी मागितली, ओलं फडकं घेतलं आणि काच पुसली. गडबड इतकी होती की पुसून काय दिसलं ते नीट पाहिलंसुद्धा नाही. फोटो काढला आणि निघालो.

वर्गात आमच्या पुढच्या बाकावर पिराजी बसे. निपाणीकडचा, महादेवपुऱ्यात कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअरचं करणारा, ट्रॅफिकमधून आल्यामुळे कायम अर्धवट झोपेत. त्याचा फोटो पडद्यावर आधी लागला.

"हे माझे पणजोबा," तो म्हणाला. "वय वर्षं पाच. त्यांचे वडील तंबाखूच्या व्यापारासाठी इकडे यायचे, एकदा पोराला घेऊन आले तेव्हा काढलाय."

पडद्यावर एक गुबगुबीत पोर. डोळ्यांत काजळ, गालावर तीट, डोक्यावर जरीची टोपी, रडून नुकतंच थांबलेलं. मागे राजवाडा. शेजारी तिपाईवर कुंडी. आणि त्याच्या खांद्याला टेकवलेली, त्याच्याहून उंच तलवार, जिच्या मुठीच्या आडव्या पट्टीचं एक टोक तुटलेलं होतं.

मी मामंजींकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. शेजारून फक्त बाक कुरकुरलं.

श्रीविद्या सांगत होती की त्या काळी फोटोवाल्याकडे सामान तयारच असे. राजवाड्याचा पडदा, कुंडी, पुस्तकं, काठी, तलवार. गिऱ्हाइकानं यायचं, हवं ते हातात घ्यायचं. "आता तुमचा बघू या, सर," ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

वर्गात कुणीतरी हसू दाबलं. पिराजी पूर्ण जागा झाला. "अंकल," तो मागे वळून म्हणाला, "आपण नातेवाईक आहोत का?"

"तलवारीकडून," मामंजी म्हणाले. पण आवाज खोल गेला होता, आणि त्यांचं लक्ष पिराजीकडे नव्हतंच. ते पडद्यावर, आता स्वच्छ झालेल्या त्या दोन हातांकडे बघत होते. डावा हात वर, उजवा खाली. बोटं सुटी, वाकवलेली. उजवा अंगठा मागे, सगळं वजन पेलून. तलवार असं कुणी धरत नाही. मामंजींचा स्वतःचा उजवा अंगठा मांडीवर हळूच वाकला.

घरी येऊन त्यांनी म्हैसूरला आत्यांना फोन लावला. राजलक्ष्मी आत्या त्यांच्या थोरल्या बहीण, चौऱ्याऐंशीच्या. कानानं कमी, म्हणून फोन स्पीकरवर आणि घरातलं कुणी सुटत नाही.

"अक्का, सुभानजीराव छावणीत काय करत होते?"

"वाजवायचे की. बँडात. ते लांब काळं असतं ते. माझी आजी सांगायची, रियाज सुरू झाला की सगळ्या आळीचे कुत्रे ओरडायचे."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं, रघू. आपल्या अप्पांना तेवढं आवडायचं नाही. ते तलवारीचं सांगायचे."

"मग इतक्या वर्षांत मला एकदाही का नाही बोललीस?"

"तू कधी विचारलंस?" आत्या म्हणाल्या. "तू नेहमी सांगत असायचास."

त्या दिवशी मामंजींनी सारू अजिबात घेतलं नाही.

दसरा आठवड्यावर आला. पाटीवाला पुन्हा बसलेला होता. मामंजी दोन दिवस फोन उचलेनात. मी समजू शकत होते. "चीन" एवढंच म्हटलं असतं तर काम झालं असतं. अक्कांच्या हातात पुरावा नव्हता, पिराजी निपाणीचा, श्रीविद्या समाजात येणार नव्हती, आणि मी घरचीच. भिंत मिळाली असती. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "शिवाजीनगरला सोड जरा." पाटीवाल्याच्या दुकानात ते एकटे आत गेले, मी स्कूटरपाशी थांबले. बाहेर आले तेव्हा कागदात गुंडाळलेलं काखेत होतं आणि तो कागद त्यांनी घरीसुद्धा सोडला नाही.

आयुधपूजेला त्यांनी नेहमीसारखं ताट घेतलं आणि फोटोपुढे उभे राहिले. बोट कुंकवात बुडवलं, काचेपाशी नेलं, थांबले. मग लाकडी चौकटीला खाली एक टिकली लावली आणि मिक्सरकडे वळले. काच कोरी राहिली.

दुसऱ्या दिवशी सभागृहात सगळा समाज जमला. फोटोवर पडदा, खाली पाटीवर वेगळा छोटा पडदा; लढाईचं काय ते पाटीवरच वाचा, असं मामंजींनी अक्कांना कळवलं होतं. अक्कांनी दोन्ही ओढले आणि सवयीनं पाटी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"सुभानजीराव. छावणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवत." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तलवार फोटोवाल्याची."

अक्कांनी पाटीवरची नजर मामंजींकडे वळवली.

"रघुनंदन राव, ही भिंत शूरांसाठी ठेवली होती," अक्का म्हणाल्या.

"अक्का, तुम्ही क्लॅरिनेट एकदा फुंकून बघा," मामंजी म्हणाले. "मी बघितलाय. आठवडाभर अंगठा हलत नव्हता. यांनी तो जन्मभर पेलला, आणि तोही गोऱ्या साहेबासमोर, उन्हात, लोकरीचा कोट घालून."

मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि हसण्यातच टाळ्या झाल्या. टाळ्या झालेला फोटो उतरवायचा कसा, हे अक्कांनासुद्धा सुचलं नाही. फोटो राहिला.

जेवणाच्या पंगतीत मात्र त्या आमच्या शेजारी येऊन बसल्या. होळीगेवर, म्हणजे इकडच्या पुरणपोळीवर, तूप पडू दिलं. मग पर्समधून मोबाइल काढला.

"हे आमचे. माझ्या आजोबांचे वडील. हे खरंच ब्रह्मदेशात होते. आमच्याकडे पहिल्यापासून तसंच सांगतात."

मी वाकून बघितलं. फेटा, मिश्या, छाती पुढे काढलेली. मागे राजवाडा, शेजारी तिपाईवर कुंडी. मूठ कमरेपाशी होती, आणि तिच्या आडव्या पट्टीचं एक टोक तुटलेलं होतं. मी घास तसाच धरून मामंजींकडे बघितलं. अक्का त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि हेडमिस्ट्रेसच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच निकालाच्या दिवशीचं पोर पाहिलं.

मामंजींनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. 

"मिशी भारदस्त आहे हो, अक्का," ते म्हणाले. "अगदी ब्रह्मदेशातली."

अक्कांनी त्यांच्या पानात स्वतःच्या हातानं आणखी एक होळीगे वाढली.

परतताना सिग्नलला मी मागे न बघता म्हटलं, "मामंजी, कुंडी तीच होती."

"होती."

"मूठही."

"मूठही."

"मग?"

"अक्कांनी कुठे विचारलं?" मामंजी म्हणाले. "त्या सांगत होत्या."

सिग्नल सुटला. संपिगे रोडच्या चढावर माझ्या खांद्यावर टेकलेल्या त्यांच्या हाताची बोटं एक-एक करून उचलली जात होती. सूर मात्र तोंडानं लावत होते, आणि तो क्लॅरिनेटपेक्षा फार बरा नव्हता.