हनुवटी सरळ कर

पेणजवळच्या एका खेड्यात मी बालवाडीची बाई होते, तेव्हाचा एक फोटो अजून कपाटात आहे. कडक इस्त्रीची साडी, हातात वेताची काठी, आणि चेहरा असा, की समोर चार वर्षांची पोरं नाहीत, पलटण उभी आहे. काठी मारायला नाही, तक्त्यावरची चित्रं दाखवायला आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे. पोरांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

माझं काम मुलांना ऐकायला-बोलायला शिकवायचं. पुस्तिकेत छान लिहिलं होतं, की मुलाला रोजच्या गोष्टी विचारा, मग थांबा, मूल बोलेल. मी विचारायचे. थांबायला मला सवड नसायची.

सुपरवायझर बाई तपासणीला येत. त्या दर वेळी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात, हे माझ्या लक्षात आलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. ओळीने बसलेल्या मुलांना मी एकेक उत्तर वाटून दिलं. पहिल्याने नाव सांगायचं, दुसरीने गाव, तिसऱ्याने सकाळी काय खाल्लं ते, चौथीने गाय काय देते ते. महिनाभर घोकून घेतलं. नेमकी तपासणीच्या दिवशी ओळीतली दुसरी मुलगी तापाने आली नाही.

"तुझं गाव कोणतं रे?"

"चहा-भाकर."

"आणि तू आज काय खाल्लंस?"

"गाय दूध देते."

हे मी आता हसत हसत सांगते आणि लोकही हसतात. पुढचं सांगत नाही. ते आज लिहिते.

ओळीच्या शेवटी नदीकाठच्या वाडीवरची एक मुलगी बसायची. तिचे आईबाप मजुरीवर जात. तिला मी उत्तर दिलंच नव्हतं, नुसतं गप्प बसायला सांगितलं होतं. हाक मारली तरी ती बघायची नाही. तिच्याशी बोलायला लागलं की मान वाकडी करायची आणि एक खांदा पुढे काढून तिरकी उभी राहायची. मला तो उर्मटपणा वाटे. मी दोन बोटांनी तिची हनुवटी धरून तोंड समोर करायचे. "हनुवटी सरळ कर. बाईंसमोर असं उभं राहतात?" हे दिवसातून चार वेळा. तिच्या उजव्या कानात तेलाचा कापूस कोंबलेला असायचा. तपासणीच्या सकाळी तो मीच काढून बाहेर फेकला. घाण दिसत होता.

चहा-भाकरीचा गोंधळ झाल्यावर सुपरवायझर बाई शेवटच्या मुलीकडे वळल्या. "तू सांग बाळ, घरी कोण कोण आहे?" तिने मान वाकडी केली. मी पुढे होऊन ती सरळ केली. ती गप्प.

"मद्दड आहे मॅडम," मी तिच्या डोक्यावरूनच म्हटलं. "ऐकतच नाही."

दिवाळीनंतर ती माणसं वीटभट्टीवर गेली आणि मुलगी परत बालवाडीत आली नाही. मला हायसं वाटलं. हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही मला भली बाई समजाल.

आता मी रोह्यात लेकीकडे असते. लेक कंपनीत शिफ्टला जाते आणि नात माझ्या ताब्यात. पाच वर्षांची. घरात अखंड बडबड, पण उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. शाळेतल्या बाईंनी लेकीला बोलावून सांगितलं, की वर्षभरात ही आमच्याशी एक शब्द बोलली नाही. अशीच राहिली तर वरच्या वर्गात कशी घालायची? लेक घरी येऊन म्हणाली, "आई, तू बालवाडीची बाई होतीस ना? मग बघ की काहीतरी." तिला काय माहीत.

या वेळी मी थांबायचं ठरवलं. पिठाच्या गिरणीत सुरुवात केली नाही, तिथे मोठी माणसंही खाणाखुणांनीच बोलतात. आधी घरात निरोपाचा खेळ. मी स्वयंपाकघरात एक वाक्य पुटपुटायचं, तिने ते लक्ष देऊन ऐकायचं आणि पलीकडच्या खोलीत आईला जसंच्या तसं जाऊन सांगायचं. त्यात ती पटाईत झाली. मग किराणावाल्याकडे नेलं. तो भला माणूस, तिने जिऱ्याच्या डब्याकडे पाहिलं की लगेच पुडी बांधायचा. मी त्याच्यावरच डाफरले. "शेठ, तिला आधी बोलू द्या. तोवर हात बांधून बसा." तो हात बांधून बसला. नातही ओठ मिटून बसली. आम्ही जिऱ्याशिवाय घरी आलो. असं तीनदा.

पाऊस लागल्यावर बाजारात शेवळं, ही रानभाजी, आली. शेवळांबरोबर काकडं घालावी लागतात. हिरवी, आंबट, बोराएवढी फळं. ती नसली तर भाजी घशाला खाजते. नातीला म्हटलं, "आज एवढंच विचारायचं, मावशी, काकडं आहेत का? मी मागे उभी राहते. तोंड उघडणार नाही."

रस्त्याच्या कडेला एक तिशीची बाई शेवळांच्या जुड्या मांडून बसली होती. शेजारी तिची सात-आठ वर्षांची पोर. नात बाईच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. बराच वेळ गेला. मी पदराचं टोक दातात धरून ठेवलं होतं. शेवटी नात बोलली. हळू, पण बोलली. परक्या माणसाशी पहिल्यांदा.

बाईने ढुंकून पाहिलं नाही.

नातीचा चेहरा पडला. मला असा राग आला त्या बाईचा. तेवढ्यात तिची पोर नातीला म्हणाली, "त्या बाजूनं नको गो. हिकडून बोल. आयेला त्या कानानं आयकू येत नाय."

पोरीने आईच्या गुडघ्यावर थाप मारली. बाईने मान वाकडी केली, एक खांदा पुढे काढला आणि डावा कान नातीसमोर धरला.

माझी दोन बोटं आपोआप पुढे झाली. इतक्या वर्षांनी. मी ती पिशवीत घातली.

मी पिशवी पुढे केली, बाईने तिच्यात शेवळांची जुडी टाकली आणि काकडं मोजायला घेतली. मी खाली वाकले आणि म्हटलं, "चुकलं गो माझं." कोणत्या बाजूने बोलते आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. उजवीकडूनच बोलले.

पण नात माझ्या पदराशी होती आणि निरोप तिने नीट ऐकला होता. ती वळसा घालून डावीकडे गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आजी म्हणते, चुकलं गो माझं."

बाईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, पिशवी पुढे केली तेव्हाच तिने मला ओळखलं असावं.

"कान एकच गेलेला, बाई," ती म्हणाली. "दुसरा चांगला व्हता. मद्दड म्हनायच्या, ते चांगल्यानंच आयकलं."

मग तिने पिशवी माझ्या हातात दिली. "काकडं घातलीत. समदी टाका, नायतर घसा खाजंल." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आम्ही रिक्षाच्या नाक्यापर्यंत आलो. नातीची जीभ आता सुटली होती. "आजी, मद्दड म्हणजे काय?"

न समजलेलं विचारायचं, हे मीच तिला शिकवलेलं. सांगितलं. कुणाला म्हणायचे, का म्हणायचे, हनुवटी कशी धरायचे, तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग तिला दुखायचं का, हनुवटी धरल्यावर?"

"ते मी कधी विचारलं नाही."

"मी विचारून येऊ?" ती म्हणाली, आणि वळलीसुद्धा.

मी तिचा दंड घट्ट धरला आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला.