नऊ चुकीची माणसं

एका भल्या माणसाच्या आईच्या वर्षाला मी माणसं गोळा करून नेली, आणि मला धरून नऊच्या नऊ चुकीची निघाली. चुकीची म्हणजे वाईट नव्हेत. लग्नाला, मयताला, टँकर अडवायला कुठंही चालतील अशी होती. तिथं चालली नाहीत, एवढंच. ज्यांच्या आईचं वर्ष होतं ते गृहस्थ आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे, आणि त्यांच्याइतका एकटा मनुष्य मी दुसरा पाहिलेला नाही. बायको-पोरं नसलेली माणसं एकटी असतात, तसं नव्हे. ती नव्हतीच, पण तेवढ्यावर भागलं नव्हतं. हे गृहस्थ जिल्ह्यात एकटे होते. लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून वेगळं निघून जिल्हा झालं होतं. त्या नव्या कोऱ्या जिल्ह्यात मराठे होते, लिंगायत होते, बौद्ध होते, मुसलमान होते, चार घरं शिखांची आणि दोन ख्रिस्त्यांची होती, आणि प्रत्येकाला भांडायला आपापला माणूस होता. ज्यू मात्र एकच होता, आणि तो आमच्या डोक्यावर राहत होता.

जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांबरोबर हे आले. जमिनीखाली पाणी कुठं लागेल ते सांगायचं त्यांचं काम. दुष्काळ असा पडला होता की गावोगावचे सरपंच त्यांना देवासारखे शोधत यायचे आणि बोअर कोरडा गेला की देवासारख्याच शिव्या द्यायचे. कॉलनीत त्यांना सगळे ‘शनिवारवाले’ म्हणत. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दिवे लावले, की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांनी काडी ओढायची नाही, लिहायचं नाही, एसटीत बसायचं नाही. शनिवारी कचेरी असली तर रजा. त्यांच्या वरच्या साहेबांना साडेसाती चालू होती. हा मनुष्य शनीचं कडक व्रत करतो अशी साहेबांची खात्री, त्यामुळे रजा कधी नामंजूर व्हायची नाही. उलट ‘माझ्याही नावानं थोडं तेल घाला’ असा निरोप यायचा. शनिवारवाले दर खेपेला समजावून सांगायचे, की मी शनीचं काही करत नाही, देवानं सातव्या दिवशी विश्रांती घेतली म्हणून मीही घेतो. ‘हाव, हाव, तेच ते,’ असं म्हणून साहेब हात जोडायचे. मला हसायचा अधिकार नाही. मी त्यांना बरेच दिवस ख्रिस्ती समजत होतो आणि नाताळच्या सकाळी केक घेऊन वर गेलो होतो. केक त्यांनी ठेवून घेतला, मला बसवलं, आणि आपण कोकणातले बेने इस्रायल कसे, पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याला कसं फुटलं, पुढं तेल गाळून पोट भरताना ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली कसे म्हणू लागले, सगळं सांगितलं. ‘तेव्हा शनिवारवाले हे नाव लातूरनं शोधलंय असं समजू नका,’ ते म्हणाले. ‘आम्हाला ते जुनंच आहे.’

त्यांच्या दाराच्या चौकटीला बोटभर पितळी नळी तिरकी ठोकलेली होती. आत शास्त्रातली वचनं लिहिलेली गुंडाळी. येता-जाता ते तिला बोटं लावून ओठांना लावायचे. कॉलनीतल्या पोरांना ती बेल वाटायची. दाबून काही वाजेना म्हटल्यावर पोरं दार बडवून विचारायची, ‘काका, बेल बिघडली का?’ शेवटी कंटाळून त्यांनी दुसऱ्या बाजूला खरी बेल बसवून घेतली, तेव्हापासून पोस्टमन दोन्ही दाबायला लागला. खाण्याचंही तसंच. मासा खवल्यांचा आणि परांचाच हवा. त्या वर्षी मांजरा नदीत मासा काय, बेडूकसुद्धा राहिला नव्हता. म्हणून हे गोदावरीचा मासा आणायला एसटीनं नांदेडला गेले. परत येताना लोह्याच्या पुढं कंडक्टरनं माणूस आणि पिशवी दोन्ही उचलून मागच्या बाकावर नेली. ‘साहेब, लई वास येऊन राहिला.’ ‘येऊ दे, पण खवले बघा,’ शनिवारवाले म्हणाले. मुरुडला, निलंग्याला कुठं बोअरला पाणी लागलं की गावकरी नारळ फोडायचे, यांच्या कपाळाला गंध लावायला धावायचे. नारळ ते घ्यायचे, गंधाला मात्र अशा चपळाईनं मान मागं न्यायचे, की सरपंचाचं बोट हवेतच राहायचं. त्या नारळाचा ते मलिदा करायचे. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलदोडे, वर फळांच्या फोडी. एलियाहू नावाच्या त्यांच्या संदेष्ट्याचं नाव घेऊन तो वाटायचा. वाटायला आम्हीच होतो.

त्यांची आई रेवदंड्याची. एक उन्हाळाभर ती लातूरला येऊन राहिली होती. तेव्हाचा मलिदा तिच्या हातचा, आणि तो साहेबांपर्यंत सगळ्यांना पोचायचा. नऊवारी, हातात काठी, आणि तोंड आमच्या अख्ख्या गल्लीला पुरून उरेल असं. टँकरच्या रांगेत कुणी घागर पुढं सरकवली की ती काठीनं ढकलत ढकलत पार शेवटी नेऊन ठेवायची. आमच्या शाळेतल्या कांबळे सरांची घागर तिनं अशी दोनदा मागं नेली. तिसऱ्या वेळी सरांनी स्वतःच नेली. शुक्रवारी संध्याकाळी तिनं वर दिवे लावले की आमची ही खाली म्हणायची, ‘लागले बघा मायचे दिवे. आता उद्या चांदण्या दिसेपर्यंत काही मागायला कुणी वर जाऊ नका.’ पुढच्या वर्षी ती मुंबईला मुलीकडं गेली आणि तिथंच वारली.

आता माझा शहाणपणा सांगतो. शाळेच्या ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात मला शोमरोनी लोक सापडले. इंग्रजीत ज्यांना समॅरिटन म्हणतात ते. थोडकेच उरलेत म्हणे, आणि अजून म्हणतात, की खरे इस्रायल आम्हीच. मला वाटलं, शनिवारवाल्यांना नातेवाईक सापडले. पुस्तक काखोटीला मारून मी वर गेलो आणि विचारलं, ‘हे तुमच्यातलेच ना?’ त्यांनी कप खाली ठेवला. पुढं पंधरवडाभर आमच्या पलंगावर त्यांनी माझ्या पोळ्यांचा डबा म्हणजे यरुशलेम आणि हिचा पानाचा डबा म्हणजे शोमरोन्यांचा पवित्र गरिज्जीम डोंगर असा मुलूख मांडला. अश्शूरच्या राजानं तिथली माणसं उचलून नेली, बाहेरची आणून वसवली, त्या बाहेरच्यांची ही संतती, असं यांचं म्हणणं. शोमरोनी म्हणतात उलटं. आम्ही जागचे हललोच नाही, तुम्हीच बाबेलच्या बंदिवासात जाऊन बदलून आलात.

‘मग खरं कोण?’ मी म्हटलं.

‘पुरावा द्या म्हणावं. आईचं कुळ सांगा, तिच्या आईचं सांगा.’

‘आणि तुम्हाला कुणी विचारलं तर?’

पोळ्यांच्या डब्याकडं बघत ते म्हणाले, ‘विचारलं की.’ त्यांचा थोरला भाऊ इस्रायलला गेला होता. तिथं लग्न ठरलं, तेव्हा तिथले धर्मगुरू म्हणाले, तुम्ही हिंदुस्थानातून आलात, तुमच्यात मधे कोण कोण मिसळलं असेल. आईची आई, तिची आई, सगळ्यांची चौकशी होईल. तिथल्या बेने इस्रायल लोकांनी धरणं धरलं, भांडले, तेव्हा ते निस्तरलं. पण पत्र रेवदंड्याला आधीच पोचलं होतं. आईनं दोन वेळा वाचून घेतलं. ‘ती म्हणाली, जन्मभर दिवे मी लावले, आणि आता मी कोण हे दुसरा सांगणार होय? त्या दिवशी जेवली नाही.’

इथं मी थांबायला हवं होतं. पण मी मास्तर. म्हटलं, ‘अहो, मग शोमरोन्यांना तुम्ही तेच विचारताय की.’

ते उठले, चप्पल घातली आणि वर गेले. चहाला यायचे बंद झाले. वरचे पाय वाजायचे, खिडकीपाशी जाऊन परत यायचे, पुन्हा जायचे. ही म्हणाली, ‘तुमाला कुणी सांगितलं होतं त्याच्या मायवर जायला?’

तेवढ्यात आईचं वर्ष आलं. मुलानं त्या दिवशी कद्दिश नावाची प्रार्थना म्हणायची असते, आणि ती एकट्यानं म्हणता येत नाही, दहा पुरुष लागतात. मुंबईला गेलं की झालं असतं. पण पाण्याच्या खात्यातल्या सगळ्यांच्या रजा दुष्काळामुळं बंद. साडेसातीवाल्या साहेबांचाही हात चालेना. शनिवारवाले जिन्यात हिला म्हणाले, ‘वहिनी, आईनं काही मागितलं नाही कधी. एवढं एक मी म्हणावं असं तिला वाटायचं. आणि मी इथं दगड ठोकतोय.’ हे ऐकून माझ्या अंगात आलं. दहा माणसं! लातूरला दहा माणसं मिळू नयेत? मी त्यांना विचारायलाही गेलो नाही. वर्षाच्या दिवशी सकाळी कांबळे सर, शिंपी रशीदभाई, कोपऱ्यावरचे किराणावाले अप्पा, खुद्द साहेब आणि कॉलनीतले आणखी चौघं, असे आम्ही जिना चढलो. डोकं झाकावं लागतं हे तेवढं मी पुस्तकात वाचलं होतं. कुणी टोपी, कुणी रुमाल, एकजण स्कूटरचं हेल्मेट. साहेबांच्या हातात तेलाची बाटली.

शनिवारवाल्यांनी दार उघडलं. ते आधीच पांढरी टोपी घालून बसलेले होते, एकटेच. मी छाती काढून म्हणालो, ‘तुमच्यासकट दहा. करा सुरू.’

त्यांनी एकेकाचं तोंड पाहिलं. ‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘दहा इस्रायल लागतात.’

अप्पा म्हणाले, ‘काय म्हणायचं ते सांगा की, आमी म्हणताव. तासाभराचं तर काम हाय.’

‘तासाभरापुरतं होता येत नाही, अप्पा.’

‘आम्ही झालो होतो एका दिवसात,’ कांबळे सर म्हणाले. ‘माझा बाप सकाळी घरातून निघाला तेव्हा एक होता, परत आला तेव्हा बौद्ध.’

‘मग नंतर कुणी विचारलं का, खरे कोण तुम्ही म्हणून?’ शनिवारवाल्यांनी विचारलं.

‘अजून विचारून राहिलेत. बौद्ध म्हटलं की सवलतीचा कागद अडतो. जुनी जात सांगितली की आई जेवायला वाढत नाही.’

शनिवारवाले हसले. फार दिवसांनी हसले. मग सगळ्यांना बसायला सांगितलं. सतरंजी पुरेना म्हणून साहेब खाटेवर, बाटली मांडीवर धरून. ‘आज एखादा शोमरोनी निलंग्याच्या गाडीतून उतरला असता ना,’ ते माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘तर मी त्याला हाताला धरून वर आणला असता.’

‘आणि?’

‘आणि तो उंबऱ्यातूनच परत गेला असता. त्याच्या हिशेबी मी कोण?’

कद्दिश त्यांनी म्हटलं नाही. एकट्याला म्हणता येतं असं एक स्तोत्र मराठीत होतं, ते वाचलं. ते पान उलटायला थांबले तेव्हा रशीदभाईंनी नकळत ‘आमीन’ म्हटलं, आणि ते नेमकं बरोबर जागी पडलं. मग मलिदा आला. अप्पांनी म्हातारीच्या काठीची गोष्ट काढली, कांबळे सरांनी घागरीची. सगळे बोलत होते. शनिवारवाले प्रत्येकाच्या ताटलीत वाढत होते आणि मधेच दाराकडं बघत होते.

पुढं पाऊस झाला, रजा सुटल्या, ते मुंबईला जाऊन आले. आल्या आल्या धर्माबादला बदलीचा हुकूम. तिथं म्हणे मिरचीचा बाजार मोठा आहे आणि अर्धी माणसं तेलुगू बोलतात. मी त्यांची वळकटी बांधायला वर गेलो. भिंती उघड्या पडल्या होत्या आणि दोघांच्या बोलण्याचा आवाज घुमत होता.

‘झालं का ते मुंबईत?’ मी विचारलं.

‘झालं. चिकार माणसं होती. लातूरहून आलो म्हटल्यावर एक म्हातारे म्हणाले, लातूरला आपलं कुणी नाही. म्हटलं, बरोबर आहे.’

‘आईंना ओळखणारं कुणी होतं?’

‘बहिणीच्या घरचे सोडले तर कुणी नाही.’

मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? म्हटलं, ‘मग आमचे लोक काय वाईट होते? त्यातल्या प्रत्येकानं तुमच्या आईच्या हातचा मलिदा खाल्ला होता.’

त्यांनी दोरीची गाठ ओढली, पक्की झाली का पाहिली, आणि वळकटीवर बसले.

‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘तुम्ही नऊजण इथं मांडीला मांडी लावून बसला होतात, तेव्हाही या खोलीत मी एकटाच होतो. माणूस म्हणून तुम्ही चांगले आहात. मोजायला तुमचा काही उपयोग नाही.’