माझ्या रागाला टाळ्या

रंगभूषेचे काका माझ्या चेहऱ्याकडं बघत होते आणि काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. हातात पारदर्शक चिकटपट्टी. शेवटी दाराकडं वळून म्हणाले, "सर, ही तं असली चिनीच हाय. हिला अजून काय करू?"

नाटक बसवणारे सर दारातूनच म्हणाले, "डोळे जरा मोठेच आहेत हिचे. ओढा. शेवटच्या रांगेला कळलं पाहिजे."

काकांनी पट्टीचा एक तुकडा माझ्या डोळ्याच्या कोपऱ्याला लावला आणि कानाकडं ताणला. मग दुसऱ्या डोळ्याला. कातडी ओढली गेली. पाणी आलं. वरून काळ्या पेन्सिलीनं तिरपी रेघ. गालांना पिवळी पावडर. खोलीत आमच्या ग्रुपची पोरं होती, सगळे माझे मित्र. एकानं मोबाइलवर फोटो काढला. दुसरा म्हणाला, "आत्ता कशी चायना दिसायली!" सगळे हसले. मीही हसले. पट्टी लावल्यावर नीट हसता येत नाही, तरी हसले.

मी चिनी आहे. म्हणजे माझे आजोबा चिनी होते. आणि मला चिनी दिसायला मेकअप लागत होता.

आजोबा तरुणपणी चीनमधून कलकत्त्याला आले, तिथून कुणाच्या तरी ओळखीनं इथं. कवळ्या बनवायचे. जुन्या शहरात एक खोली, बाहेर लाकडी पाटी, पाटीवर रंगवलेले दात. बासष्टच्या लढाईनंतर त्यांना पोलीस ठाण्यात जाऊन हजेरी द्यावी लागायची. ज्यांच्या तोंडात त्यांनी केलेले दात होते, त्यातल्याच काहींनी त्या पाटीवर दगड मारले. हे पप्पा सांगतात, आणि सांगताना हसतात. पप्पा इथंच जन्मले. तेही कवळ्याच करतात, पुंडलिकनगरात, घराच्या मागच्या खोलीत. डॉक्टरांकडून मापं येतात, हे घासत बसतात.

आई पाचोडची, धनगराची. लहानपणी मी तिकडच्या बाजारात गेले की लोक जमायचे. मामा ओरडायचा, "बघा, बघा! भाची हाय माझी. तिकीट नाय." त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मामा माझा हात सोडत नव्हता.

शहरात असा हात कुणी धरला नाही. शाळेत चिंकी, कॉलेजात मोमो. तालमीत एखादं वाक्य विसरले की मागून कुणीतरी म्हणणारच, "चायना माल है भई, चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक." कोरोनात गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला, की 'त्या घरच्यांनी' काही दिवस बाहेर पडू नये. त्या घरच्यांपैकी एकानंही चीन पाहिलेला नाही. आई तणतणत ग्रुपवर उत्तर लिहायला निघाली, तर पप्पांनी तिच्या हातातून फोन घेतला. मला म्हणाले, "हंस के छोड़ देने का, बेटा. अपने को यहीच रहना है." पप्पांनी जन्मभर हेच केलं आणि मलाही हेच शिकवलं.

मी गाते. आवाज आईचा आहे, उघडा, रानात पोचेल असा. गाण्यामुळंच नाटकात आले. सर कॉलेजात मराठी शिकवायचे. पैठणकडं त्यांची बागायती जमीन, इथं बंगला, आणि बंगल्याच्या गच्चीवर आमच्या तालमी. नाटकं समतेची करायचे. खोटं नाही, खरंच समतेची. त्यांच्या नाटकात खडी फोडणारी बाई असायची, गटारात उतरणारा माणूस असायचा. मला मात्र चिनी हेर. हॉटेलातला वेटर. कोरोनावरच्या पथनाट्यात कोरोना. डोक्यावर लाल काटे लावून मी पुढं पळायची आणि बाकीचे झाडू घेऊन मागं. एकदा मी म्हणाले, "सर, मला एखादं साधं काम द्या ना. बहिणीचं, सुनेचं." सर म्हणाले, "अगं, प्रेक्षकाला पटायला नको का?"

मग एकदा तालमीनंतर चहा पिताना मी आजोबांच्या पाटीची गोष्ट सांगितली. सर उठून उभेच राहिले. "अगं, हे तर नाटक आहे! परका माणूस, त्याचं दुःख. एकांकिका करू आपण." मला आभाळ ठेंगणं झालं. आमच्या घरचं कुणाला कधी ऐकावंसं वाटलं नव्हतं, आता रंगमंचावर येणार होतं.

आजोबांचं काम सरांनी स्वतः घेतलं. मी कोरसमध्ये. "तुमचं एखादं गाणं असेल ना?" त्यांनी विचारलं. "खरं चिनी?"

होतं एक. आजोबा कवळी घासताना गुणगुणायचे ते. पप्पाही घासताना तेच गुणगुणायचे. त्यांना त्याच्या चारच ओळी येतात, आणि अर्थ त्यांनाही माहीत नाही. अंगाई आहे की शेतातलं गाणं, आता विचारायचं कुणाला? घरात चीनचं म्हणावं असं तेवढंच उरलंय. पप्पा आधी लाजले. मग साचे बाजूला सारले, हात पुसले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. त्यात एक सूर असा आहे, की तो पेटीवर सापडत नाही. मी तो चुकवला की पप्पा मान हलवायचे. "नाय, बेटा. थोड़ा नीचे." एवढं जीव लावून त्यांनी मला कधी काही शिकवलं नव्हतं. गाणं बसलं तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली होती. सरांनी गच्चीवर ते रेकॉर्ड करून घेतलं.

प्रयोग जवळ आला आणि सर म्हणाले, "नाटक जड होतंय. मध्ये जरा हशा पाहिजे." त्यांनी माझ्या गाण्यावर कोरस नाचवला. कमरेत वाकायचं, बोटांनी डोळे ताणायचे, हातात काड्या घेऊन वाजवायच्या. लय दुप्पट.

मी म्हणाले, "सर, हे असलं गाणं नाहीये."

"अर्थ माहितीये का तुला?"

"नाही."

"मग?"

ती चिकटपट्टी, ती पावडर याच प्रयोगाची. एकांकिका स्पर्धेची पहिली फेरी होती. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, आई गजरा माळून. पप्पा आपल्या बापाची गोष्ट बघायला आले होते. मी गायला लागले. कोरस वाकला, डोळे ताणले, काड्या वाजल्या. नाट्यगृह खदाखदा हसलं. मी पप्पांकडं बघितलं. पप्पाही हसत होते. हसता हसता आजूबाजूला बघत होते, बाकीचे कधी थांबतात ते. म्हणजे आपणही थांबायला मोकळे. आई मांडीवर हात ठेवून नुसती बसली होती.

बाहेर आल्यावर पप्पा म्हणाले, "अच्छा हुआ, बेटा. लोगां खुश थे."

त्यानंतर मागच्या खोलीतून घासण्याचा आवाज यायचा, गुणगुणणं यायचं नाही. मी कामं सोडून कान देऊन बसायची. पप्पांच्या तोंडातलं ते गाणं मी बाहेर नेलं होतं आणि लोकांनी ते हसून हसून घाण केलं होतं. पप्पा तक्रार करणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हणून मलाच काहीतरी करणं भाग होतं.

आमचं नाटक अंतिम फेरीत गेलं. मी सरांना सांगितलं, "गाणं आहे तसं गाऊ द्या. नाहीतर काढून टाका. मी त्या नाचावर गाणार नाही."

सर अजिबात चिडले नाहीत. "अगं, हे नाटक आपण तुमच्यासाठीच करतोय ना? इतकं मनाला लावून घेतलं तर थिएटर कसं होणार?" मग म्हणाले, "बरं, नको गाऊस. रेकॉर्डिंग आहे. तू नुसती उभी राहा."

अंतिम फेरीला मी पट्टी लावू दिली नाही. काकांनी बघितलं आणि डबा बंद केला. माझी एंट्री आली. मी उभी राहिले. स्पीकरमधून माझाच आवाज आला, दुप्पट वेगानं पळवलेला, चिरका. कोरस वाकला. पहिला हशा आला आणि माझे पाय पुढं गेले. मी ठरवलं नव्हतं. पार रंगमंचाच्या कडेला जाऊन उभी राहिले.

"बंद करा ते."

ध्वनीवाल्यानं बंद केलं. कोरस तसाच वाकलेला.

"हा आवाज माझा हाय," मी म्हणाले. "गाणं माझ्या आजोबाचं हाय. तुमच्या आजोबांनी त्याच्या पाटीवर दगडं मारली, आन् आज तुम्ही हसायले. काय हाय ह्यात हसण्यासारखं? सांगा मला. मी थांबते."

आईची बोली तोंडात आली होती. हशा थांबला. वाटलं, पोचलं. आणि मागून एक टाळी आली. मग दुसरी. मग सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. त्यांना ते नाटकातलंच वाटलं. सर आजोबांच्या वेशात विंगेतून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान खाली घालून उभे राहिले, जणू असंच बसवलं होतं. पडदा पडला.

पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी दिग्दर्शकाच्या धाडसाचं कौतुक केलं. मेकअपच्या खोलीत सरांनी मला जवळ घेतलं. "कमाल केलीस! पुण्याच्या प्रयोगाला असंच ठेवू. फक्त ते 'तुमच्या आजोबांनी' काढ, लोक दुखावतात. आणि शेवटी डोळ्यांत थोडं पाणी आलं तर अजून चढेल."

डोळे ओढले, ते सोसलं. गाणं पळवलं, तेही एकदा सोसलं. पण हा माणूस आता माझा राग बसवायला निघाला होता. रोज तिसऱ्या घंटेनंतर, ठरलेल्या प्रकाशात, पाण्यासकट. त्या क्षणी मला जे कळलं ते आयुष्यभर पुरेल. यांना माझा अपमानही चालतो आणि माझं बंडही चालतं. दोन्ही त्यांच्या हातात असलं की झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले. सगळे जमले होते, पेढे वाटणं चालू होतं.

"सर, मोबाइल काढा. माझं रेकॉर्डिंग पुसा. माझ्यासमोर."

"वेडी आहेस का? गाण्याला काय मालक असतो?"

"असतो. पुंडलिकनगरात बसलाय, कवळ्या घासत."

त्यांचा चेहरा बदलला. "तुला स्टेजवर आणलं कुणी?"

"तुम्ही. ह्या तोंडासाठी आणलं."

"तुझ्यावाचून काही अडत नाही इथं."

"मग पुसा की."

माझे मित्र पेढा हातात धरून जमिनीकडं बघत होते. मी हलले नाही. ऊन अंगावर यायला लागलं. शेवटी सरांनी पुसलं. ध्वनीवाल्यालाही पुसायला लावलं. निघताना मी म्हणाले, "आजोबांची गोष्टबी ठेवा खाली. पुन्हा केली, तर मी दर प्रयोगाला येईन आणि मधेच उठेन. ते तुम्हाला बसवता येणार नाही. दर टायमाला वेगळं बोलेन."

घरी पप्पा म्हणाले, "झगड़ा कायकू लेती, बेटा? टाळ्या तर वाजवल्या ना लोकांनी. हंस के..."

"नाही, पप्पा. तुम्ही हसला असाल. मी नाही हसणार."

पप्पा कानस उचलून कामाला लागले. ते अजून गुणगुणत नाहीत.

परवा कळलं, सरांनी नवी मुलगी घेतलीये. मणिपूरहून इथं शिकायला आलेली, मुकुंदवाडीत खोली करून राहते. नाटक तेच, नाव बदललंय. गाणं कुठलंतरी दुसरं टाकलंय, नाच तोच. काल त्या मुलीकडं जाऊन आले. सगळं सांगितलं. ती हिंदीत म्हणाली, "दीदी, मला पहिल्यांदा काम मिळालंय." मी तिला नाटक सोड म्हणाले नाही. तिचं तिनं ठरवावं. पण आजोबा माझे आहेत, आणि ते मी सोडणार नाही.

शुक्रवारी प्रयोग आहे. मी पहिल्या रांगेचं तिकीट काढलंय. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही, ठरवणारही नाही. कुणी टाळी वाजवली तर त्याच्याकडं वळून सांगेन की हे नाटक नाही. तरी वाजवली, तर पुढच्या प्रयोगाला परत येईन.