चारशे पावलं

जगात आजवर जे अपघात झाले नाहीत, त्यांतले निम्मे तरी आमच्या साडूंमुळे झालेले नाहीत, असं माझं ठाम मत आहे. झालेल्या अपघातांची नोंद होते; न झालेल्यांची कोण ठेवणार? म्हणून या माणसाला कुणी कधी हार घातला नाही. आनंदनगरच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काढून ते निवृत्त झाले, म्हणजे पगार थांबला, नोकरी चालूच आहे. बेलवलीला आमच्याकडे जेवायला आले की आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं रेग्युलेटर तपासतात आणि मग माझ्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या मेव्हणीला, कशी आहेस म्हणून विचारतात. माझ्या मुलीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजींनी सूर लावलेला, आणि हे गृहस्थ हॉलच्या मागच्या दाराला कुलूप का, म्हणून मॅनेजरला धरून उभे. कुलूप निघालं तेव्हाच त्यांनी अक्षता हातात घेतल्या. असा संताप आला होता मला! पण त्या दिवसापासून कुठल्याही हॉलमध्ये शिरलो की माझीही मान आपोआप मागच्या दाराकडे वळते. माणूस चावत नाही, पण लागण करतो.

या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांचं पाऊल. टेपवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. टेप सैल पडते, धरणारा झोपाळू असतो, पाऊल मात्र आपलं असतं, असं त्यांचं म्हणणं. कारखान्यात दोन टाक्यांमधलं अंतर ते चालून सांगायचे आणि ते इंचात बरोबर निघायचं. त्यांचं एक पाऊल अडीच फुटांचं. ऐन तिशीत एकदा मोजून ठेवलं ते ठेवलं. शिरगावचा फ्लॅट ताब्यात घेताना बिल्डरच्या तोंडावर हॉल चालून दाखवला आणि फूटभर कमी आहे म्हणाले. बिल्डर हसला. मग टेप आणली, आणि हॉल फूटभर कमीच निघाला. त्यानंतर आमच्या सासरी त्यांच्या पावलाला देवाच्या पादुकांचा मान मिळाला. हल्ली ते एकच तक्रार करायचे, की स्टेशनपासून घर पूर्वी तेराशे पावलांवर होतं, ते आता अठराशेच्या पुढे गेलंय. नगरपालिका रस्ता सारखा खोदते, वळसे पडतात, दुसरं काय. आम्हीही मान डोलावत होतो. त्यांचा गुडघा दुखतो हे ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, दर भेटीत सांगायची. पण गुडघ्याचा आणि नगरपालिकेचा संबंध जोडायचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

अशा माणसाला बंदुकांची संगत लागावी, हा दैवाचा विनोद. उल्हासनगरचे एक कापडवाले शेठ त्यांच्या ओळखीचे. शेठना नेमबाजीची हौस. बदलापूरच्या पुढे त्यांचा मोकळा माळ आहे. तिथे परवानेवाले चार हौशी दर रविवारी सकाळी जमून मातीच्या चकत्या उडवायचे. म्हणजे यंत्र बशीएवढी चकती आकाशात भिरकावतं आणि बंदूकवाल्याने ती हवेतच फोडायची. साडूंनी जन्मात बंदूक हातात धरलेली नाही, पण शेठनी सुरक्षेचं बघा म्हटल्यावर ते दहा वर्षांनी तरुण झाले. शिट्टी आली, लाल निशाण आलं, रजिस्टर आलं. शिट्टी झाली की सगळ्यांनी बंदुका नळीपाशी उघडून, रिकाम्या करून हातावर टाकायच्या, मग समोर कुणी का असेना. छर्रे लांब जाऊन पडतात, तेव्हा समोर तीनशे मीटर तरी कुणी असता कामा नये, हे त्यांनी कुठूनसं वाचून काढलं, आणि शेजारच्या शेताच्या बांधापर्यंत स्वतः चालून आले. चारशे पावलं. हिशेबाने तीनशे मीटरच्या वर. रजिस्टरच्या पहिल्या पानावर ‘धोका नाही’ असं लिहून त्यांनी खाली झोकदार सही केली. कौतुक करायला कुणीतरी हवं म्हणून त्या रविवारांना मलाही ओढून नेत.

थंडी सरता सरता एका रविवारी बांधापलीकडची आजी सूप घेऊन आली. भात कापल्यावर त्याच रानात ती वाल पेरते, तिथेच शेंगा वाळवते, झोडपते आणि पाखडते. सुपात वालाचे दाणे होते आणि दाण्यांमध्ये मिरीपेक्षा बारीक काळे गोळे. तिने आधी तोंड उघडून आम्हाला तुटकी दाढ दाखवली, मग सूप साडूंच्या पुढे धरलं.

"पाखडून जात नाय रं बाबा ह्ये," ती म्हणाली. "फोल उडतं, ह्ये जड, दाण्यासंगं ऱ्हातं. शेंगा तोडताना डोक्यावर पडलं, तवा मला वाटलं गारा."

शेठ मनाने उदार. एक बोरी वाल पाठवून देतो, दाढेचंही बघतो, म्हणाले, आणि बंदूकवाल्यांपैकी दोघांनी पुन्हा काडतुसं भरायला घेतली. साडू मात्र लाल झाले. छर्रे आमचे असूच शकत नाहीत, मी स्वतः मोजलंय, असं आजीला सांगून त्यांनी शिट्टी मारली, बंदुका उघडायला लावल्या आणि सगळ्यांदेखत पुन्हा चालायला लागले. आजी सूप कडेवर घेऊन बरोबर. मोजून चारशे पावलांवर बांध आला. साडूंनी विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं.

आता माझा नतद्रष्टपणा बघा. यंत्रासाठी आणलेली वायरची चार नवी भेंडोळी तिथे पडलेली होती, प्रत्येकावर नव्वद मीटर छापलेलं. नुसती गंमत म्हणून मी ती एकापुढे एक उलगडत बांधाकडे निघालो. हिशेबाने तीन भेंडोळी पुरी लागून वर चौथंही सुरू व्हायला हवं होतं. तिसरं निम्मं व्हायच्या आतच मी बांधावर साडूंच्या शेजारी उभा होतो. मला वाटलं, माझंच चुकलं. साडूंनी वायर हातात घेतली, छापलेला आकडा वाचला, परत वाचला. मग मागे वळून मातीत उमटलेल्या आपल्या पावलांकडे बघत राहिले. छोटी छोटी, जवळजवळ पावलं होती ती. त्या क्षणी मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यांनी रजिस्टर मागवलं. शेठ तिथवर आले आणि समजुतीने म्हणाले, "अरे साईं, जाने दो. बोरी भेज देंगे ना."

"वालाचा प्रश्न नाही, शेठ," साडू म्हणाले. "ही बाई इथे ओणवी बसते. तिने एकदा मान वर केली असती तर डोळा गेला असता. आणि खाली सही माझी आहे."

मग चौघा बंदूकवाल्यांसमोर आणि आजीसमोर त्यांनी उभ्याउभ्या अपघाताची नोंद केली, अगदी कारखान्यात करत तशी. जखमी: आजी, दाढ एक. उपाय: नेमबाजी आजपासून बंद. कारणाच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. मग त्यांनी लिहिलं, ‘मोजणाऱ्याचं वय झालं, हे मोजणाऱ्याने तपासलं नाही.’ आणि सही केली. ही सही झोकदार नव्हती.

नेमबाजी बंदच आहे. शेठना आता डोंगराच्या बाजूला तोंड करून, टेप लावून ती पुन्हा सुरू करायची आहे, पण साडूंनी शिट्टी परत केली. त्याऐवजी ते उन्हाळाभर दर रविवारी आजीच्या अंगणात बसून वाल निवडत होते, ताईचा चष्मा लावून, दाणा न दाणा बोटांतून फिरवत. शिसं पोटात जाता कामा नये, मातीतलंही वेचलं पाहिजे, असं आजीला बजावत. आजी त्यांना हळूहळू निवडतो म्हणून हसायची आणि निघताना ओंजळभर वाल द्यायची. आमच्याकडे त्याची उसळ झाली तेव्हा साडूंनी पहिला घास आपल्या दातांखाली तपासला आणि मगच आम्हाला वाढू दिलं.

परवा त्यांच्याबरोबर स्टेशनपासून शिरगावला चालत निघालो. पावलं मोजायचं त्यांनी सोडलं होतं. मध्येच म्हणाले, "आज तुम्ही मोजा, साडूभाऊ." मी मोजायला लागलो. दहा-वीस पावलांवर लक्षात आलं की आपण पुढे जातोय, तेव्हा पाऊल आखडतं घेतलं, त्यांच्याइतकंच. त्यांच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा माझी अठराशे चाळीस पावलं झाली होती. आकडा सांगितला आणि म्हटलं, नगरपालिकेने रस्ता खरंच लांबवलाय हो.

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, बराच वेळ. या माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही. मग माझा हात धरून म्हणाले, "परत जाताना एकटे आहात. मोठी पावलं टाका, पण जपून."