मंडळीकाकांचा मेळावा

समोर एकच माणूस असला तरी ते त्याला ‘मंडळी’ म्हणत. पहिल्यांदा मी आळेफाट्याला त्यांच्या दुकानाचा जिना चढून वर गेले, तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. तरी ते म्हणाले, “या मंडळी, बसा.” माझ्यामागून आणखी कोणी आलंय की काय, म्हणून मी वळून पाहिलं. त्यांना सगळे मंडळीकाका का म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

खाली पाइप, ठिबक आणि पंपांचं दुकान होतं, ते त्यांचे थोरले भाऊ सांभाळत. वर काही संगणक, टेलिफोनची एक लाइन आणि मंडळीकाका. घराणं राजस्थानातून आलेलं, जैन. थोरल्या भावांना कोणी गाव विचारलं की ते अजून तिकडच्या गावाचं नाव सांगत. काका आळेफाटा सांगत. समोरच्याने पुन्हा मूळ गाव विचारलंच, तर म्हणत, “जन्म हितला, शाळा हितली, भांडणंबी हितलीच. मग गाव दुसरं कुठलं असणार?”

मी निमगाव सावाची. पप्पांनी मला लहानपणीच इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात ठेवलं होतं. नंतर पुण्यात संगणकाचा कोर्स करून मी घरी परतले, तेव्हा गावात बोलायला माझ्याकडे पुरेसं मराठी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बोलायची इच्छाही फारशी नव्हती. काकांनी मला वेबसाइटची पानं बनवायच्या कामाला ठेवलं. माझ्या गप्प राहण्याबद्दल त्यांनी कधी टोकलं नाही. आलेल्या माणसांनीच विचारलं की ही पोरगी बोलत का नाही, तर ते म्हणायचे, “बोलायचं खातं माझ्याकडं हाय. बघायचं त्यांच्याकडं.” आपण अशा एका खात्याच्या प्रमुख आहोत, हे मला मनातून फार आवडलं होतं.

दर रविवारी सकाळी ते पुण्या-नाशिककडच्या वेबसाइट बनवणाऱ्या ओळखीच्या लोकांना एक ईमेल पाठवत. त्यात निम्मं संसाराचं आणि निम्मं संगणकाचं असे. ठिबकच्या नळीत क्षार साठले तर काय करावं, आणि लगेच खाली, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसू लागले तर काय करावं. टोमॅटोचा बाजार पडल्याची बातमी आणि तिला लागूनच, फोटो लहान करून मगच पानावर ठेवा, ही विनंती. पान जड आहे की हलकं, हे ते खिडकीतून ठरवत. खाली नाशिकची एसटी येऊन थांबली की ते पान उघडायला लावत. एसटी सुटली आणि पान अजून अर्धंच उघडलेलं असलं, तर बनवणाऱ्याला फोन जाई. “मंडळी, तुमचं पान राहिलं, गाडी गेली.” पुण्यातल्या मोठ्या ऑफिसातली पोरंसुद्धा या परीक्षेला घाबरत.

वर्षातून एकदा ते या सगळ्यांना ओझरजवळच्या एका मंगल कार्यालयात बोलवत. त्याला ते वेब मेळावा म्हणत. दोन दिवस भाषणं आणि चर्चा. पण काकांनी आयुष्यात पाहिलेले समारंभ म्हणजे लग्नं आणि पूजा, त्यामुळे मेळावाही तसाच होई. दारात स्वतः उभे राहून ते येणाऱ्याच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडत. वक्त्याला नारळ आणि टोपी मिळे. एकदा लॅपटॉपवर गुलाबपाणी उडालं म्हणून एक वक्ता चिडला, तर काकांनी आपल्या उपरण्याने तो लॅपटॉप बाळाचं अंग पुसावं तसा पुसून दिला. जेवण सूर्य मावळायच्या आत, आणि त्यात कांदा, लसूण, बटाटा काही नाही. पुण्याची पोरं संध्याकाळ होताच काहीतरी कारण काढून फाट्यावर वडे खायला पळत. काकांना ते ठाऊक होतं. हॉटेलवाल्याला त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं असे, की आमची मंडळी येतील, तेल तापलेलं असू द्या.

पण बाहेरून येणारी माणसं हा त्यांच्या दृष्टीने मेळाव्याचा अर्धाच भाग होता. त्यांना हवे होते इथले बागायतदार. द्राक्षवाले, टोमॅटोवाले, कांद्यावाले. प्रत्येकाचं एक पान असावं, त्यावर नाव, गाव, माल कधी निघणार ते, आणि फोन नंबर. लांबच्या व्यापाऱ्याने ते पाहून थेट फोन करावा. हे त्यांनी एकट्याने समजावून होण्यासारखं नव्हतं. शेतकऱ्याने हॉलमध्ये बसावं, पान बनवणाऱ्याशी स्वतः बोलावं, असं त्यांना वाटे. म्हणून मेळाव्याच्या आधी ते स्कूटरवरून गावोगाव फिरून घरोघरी आमंत्रण देत. आमच्या घरीही येत. पप्पा त्यांना ओट्यावर बसवत, चहा देत, पाइपांच्या चौकशा करत आणि शेवटी म्हणत, “येऊ की शेठ.” सगळेच असं म्हणत. आणि येत कोणीच नसे. हॉलमध्ये मागच्या खुर्च्या रिकाम्या राहत. काका त्या उचलू देत नसत. दुपारपर्यंत त्यांचं निम्मं लक्ष फाटकाकडे असे.

असं सलग काही वर्षं झालं. एकदा मेळाव्याहून घरी आल्यावर मी पप्पांना विचारलं, तुम्ही हो म्हणता आणि येत का नाही? मी सहसा असं विचारत नसे, त्यामुळे ते जरा चकित झाले. मग म्हणाले, “पितरांचा पंधरवडा असतोय तो. त्यात नवं काम कोन काढतंय? आन घरोघरी म्हाळ असत्यात. मानसं जेवायला बोलावलेली सोडून मेळाव्याला जायचं का?”

मला खरंच हे सुचलं नव्हतं. आमच्या घरचं श्राद्धाचं जेवण, म्हाळ, मी वसतिगृहात असल्यामुळे कधी नीट पाहिलंच नव्हतं. आणि काकांकडे पितृपक्ष पाळत नसत. त्यांचं पर्युषण संपलं की ते मोकळे होत. तेव्हाच गणपतीही बसून उठलेले, लग्नाचे मुहूर्त नाहीत, त्यामुळे कार्यालयही मोकळं. त्यांनी हिशेब बरोबर केला होता. कार्यालय त्या दिवसांत रिकामं का असतं, एवढंच त्यांनी कधी विचारलं नव्हतं. “मग त्यांना सांगायचं ना,” मी म्हणाले. पप्पा म्हणाले, “घरी आलेल्या मानसाला तुमची तारीख वंगाळ हाय, असं तोंडावर कसं सांगायचं?”

दुसऱ्या दिवशी मी काकांना सांगितलं. ते हसतील, कपाळावर हात मारून घेतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी संगणकाच्या पडद्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, “म्हंजे सगळ्यांना ठावं व्हतं.” मी मान हलवली. ते म्हणाले, “आपल्यातला असला की मानूस तोंडावर म्हनतो, येडा का खुळा तू, तारीख बदल. पावण्याला कोन बोलत न्हाई.”

त्यांनी मला ‘मंडळी’ न म्हणता काही सांगितलं, असं ते एकदाच.

त्या रविवारच्या ईमेलमध्ये त्यांनी एवढंच लिहिलं, की पुढच्या वर्षीपासून मेळावा दसऱ्यानंतर होईल, कारण पहिली तारीख गावाला विचारून ठरवलेली नव्हती. पुण्याच्या लोकांना त्यातलं काही समजलं नसणार.

पुढचं वर्ष उजाडलं तेव्हा काका बरेच वाळले होते. पोटाचा काहीतरी आजार होता. ते नाव घेत नसत आणि मी विचारत नसे. थोरल्या भावांनी खालूनच ओरडून सांगितलं होतं की यंदा ते मेळाव्याचं खूळ राहू दे. तरी काकांनी कार्यालय ठरवलं आणि आमंत्रणं द्यायला निघाले. आता स्कूटर त्यांना झेपत नव्हती, म्हणून एसटीने जात आणि पुढे चालत. आमच्याकडे आले तेव्हा ओट्याची पायरी चढताना पप्पांनी त्यांना हात दिला. या वेळी पाइपांची चौकशी झाली नाही.

“आता तर दसरा झाल्याव हाय,” काका म्हणाले. “आता काय सबब सांगाल?”

“आता सबब न्हाई,” पप्पा म्हणाले. “दोघंतिघं जन घिऊन येतो. पर शेठ, तुमी आधी डागदरला दाखवा.”

“मेळावा झाला की दाखवतो.”

तेवढं थांबणं झालं नाही. नवरात्र बसता बसता त्यांना पुण्याला हलवलं आणि दसऱ्याच्या आधीच ते गेले. अंत्यविधी फाट्यावरच झाला. मी लांब, बायकांमध्ये उभी होते. रविवारच्या ईमेलच्या यादीतल्या लोकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. काय लिहावं ते सुचेना. शेवटी वर ‘मंडळी’ एवढा शब्द लिहिला आणि खाली बातमी. मेळावा रद्द झाल्याचं त्यातच कळवलं. गावोगावच्या आमंत्रितांना ईमेल नव्हती, त्यांना कोण कळवणार हा प्रश्न तसाच राहिला.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी पप्पा धुतलेले कपडे घालून निघाले. मी म्हणाले, रद्द झालाय. ते म्हणाले, माहीत आहे. दुपारी परत आले आणि चप्पल काढता काढता, कोणी विचारलेलं नसताना म्हणाले, “फाटक बंद व्हतं. मी एकलाच नव्हतो. खोडदचे, वडगावचे बी आलते. जरा वेळ उभं राहिलो आन आलो.”

वरची खोली थोरल्या भावांनी गोदामासाठी घेतली. मी पुण्यात नोकरी धरली. शेतकऱ्यांची जी थोडी पानं आम्ही बनवली होती, ती वर्षभरात बंद पडली; त्या पत्त्यावर आता भलतंच काही उघडतं. वेब मेळावा पुन्हा कोणी भरवला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी सर्वपित्री अमावस्येला मी घरी होते. पप्पा पाटावर बसले होते आणि गुरुजी सांगतील तशी एकेक नावं घेत पाणी सोडत होते. आजोबा, पणजोबा, आजोळचे. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. घरची नावं झाल्यावर गुरुजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, आणखी कोणी, स्नेही, मित्र? पप्पांनी काकांचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ते त्यांना ठाऊक असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

“गोत्र?” गुरुजींनी विचारलं.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक नव्हतं. ती माणसं जैन, त्यांच्यात हे करत नाहीत, हेही सांगावंसं वाटलं, पण मी नुसती नकारार्थी मान हलवली.

गुरुजी म्हणाले, गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणायचं, चालतं. पप्पांनी काश्यप गोत्र म्हटलं, नाव घेतलं आणि इतरांसाठी सोडलं होतं तसंच तीळ घातलेलं पाणी अंगठ्यावरून ताम्हनात सोडलं.